गेटबाहेरची पिल्लं

(कुरुळी फाट्याजवळचं भंगाराचं यार्ड. पत्र्याच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला यार्डाचे मालक दादासाहेब, समोर कस्तुरा. शनिवारची दुपार, पहिली शिफ्ट नुकतीच सुटलेली.)

दादासाहेब : म्हंजे उपटायचं न्हाई म्हनता?

कस्तुरा : नाई. उपटलं की मुळ्या तुटतेत. आधी बुडाची माती बोटानं उकरायची. पिल्लू आईला कुठं चिकटलंय ते नीट बघायचं, अन् तिथंच पातळ सुरीनं कापायचं. एकाच घावात. दोनदा सुरी चालवली की सडतंय.

दादासाहेब : आन् लगीच कुंडीत?

कस्तुरा : लगीच नाई. दोन दिस सावलीत उघडंच ठिवायचं. कापल्याली जागा वाळली पाहिजे. वरून चुलीची राख चोळायची. मग कुंडी.

दादासाहेब : आमच्या बंगल्याम्होरं घायपात हाय, हे एवढं दांडगं. त्याच्या बुडाला पिल्लांची ही गर्दी झालीया. माळ्याला सांगितलं तर त्यो फावडंच घिऊन आला.

कस्तुरा : अगं बाई! फावड्यानं आई बी जायची. अन् घायपाताचा चीक लई वाईट, अंगाला लागला की दोन दिस खाज जात नाई. हातात पिशवी घालून करावं लागतंय.

दादासाहेब : म्हनूनच म्हटलं, जानत्या मानसाला इचारावं. चहा घ्या, ताई.

कस्तुरा : नको साहेब. शिफ्ट आत्ता सुटली. लेक क्लासवरनं यिऊन वाट बघंल. तुमचा माणूस गेटावर आला अन् म्हणाला, झाडाचं काम हाय, पाच मिनिटं चला. बंगला कुठं ते सांगा, म्या उद्या सुट्टीच्या दिवशी यिऊन करून देते.

दादासाहेब : किती वरसं झाली कंपनीत?

कस्तुरा : कंपनीत कुठलं, बागेच्या ठेकेदाराकडं हाय म्या. औंदा पाच वरसं झाली.

दादासाहेब : गाव?

कस्तुरा : औश्याकडं. लातूरच्या पलीकडं.

दादासाहेब : मालक?

कस्तुरा : गावाकडंच असतेत. मणक्याचं दुखणं हाय, काम व्हत नाई. हितं म्या अन् लेक, नेहा. बारावीला हाय.

दादासाहेब : हुशार हाय लेक तुमची. फोटो बेस काढती.

कस्तुरा : कसले फोटो?

दादासाहेब : झाडांचे. हे बघा मोबाईलवर. आमची सून, मोनिका, रावेतला ऱ्हाती. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आले. 'कुरुळीची रोपं, घरपोच मिळतील.' तिनं दोन कुंड्या घेतल्या. एक म्या मागून आनली. थांबा, हितंच टेबलाखाली ठिवलीया. ही. वळखली का?

कस्तुरा : हो. माझीच हाय.

दादासाहेब : काय नाव ह्याचं?

कस्तुरा : आमी सापाचं झाड म्हणतो. पानावर पट्टे असतेत म्हणून.

दादासाहेब : आन् हा कडंचा पिवळा काठ? दुकानात मिळतं त्याला असा न्हाई दिसत.

कस्तुरा : काठ पिल्लालाच येतो. नुसतं पान कापून मातीत लावलं तरी झाड येतंय, पण हिरवंच निघतंय, काठ जातो. सुरुवातीला मला बी म्हाईत नव्हतं. तीस पानं लावली, तीस बी हिरवी निघाली. मग कळलं, काठ पाहिजे तर आईपासनं पिल्लूच तोडावं लागतंय. तवापासनं पिल्लांवरच करते.

दादासाहेब : वा. म्हंजे अस्सल मालाला अस्सल आईच पायजे. आता सांगा, ही आई कुठली? कंपनीच्या मेन गेटातनं आत गेलं की डाव्या हाताला, झेंड्याच्या भवती, हीच रांग हाय. हाच काठ.

कस्तुरा : साहेब, ती टाकल्याली पिल्लं हाईत. वाफ्यात गर्दी झाली की ठेकेदारच सांगतो, काढून फेका. मागच्या भिंतीच्या ढिगावर पडून वाळायली होती. म्या तिथनं उचलली. वाफ्यातल्या एका झाडाला हात लावला नाई. पोरीची शपथ.

दादासाहेब : शपथ कशाला? म्या मानतो. ढिगावरनं उचलली. त्यो ढीग कोन उचलतं?

कस्तुरा : तुमची गाडी.

दादासाहेब : माजी गाडी. पत्रा, पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक आन् बागेतला कचरा. कंपनीचं लेटर हाय तसं. आत टाकलं की ते माझं. मग तुमी उचललं ते कुनाचं?

कस्तुरा : मला हे ठावं नव्हतं साहेब. तो पाला तर तुमची माणसं खाणीत नेऊन जाळतेत.

दादासाहेब : माझ्या मालाचं म्या काय बी करीन. जाळीन, न्हाईतर पुजीन.

कस्तुरा : चुकलं माझं. पुन्यांदा हात लावणार नाई. जी हाईत खोलीवर, ती बी सगळी आणून देते.

दादासाहेब : आनायची गरज न्हाई. आनल्यात.

कस्तुरा : काय?

दादासाहेब : खिडकीतनं बघा. त्यो निळा टेम्पो.

कस्तुरा : ही माझी डबडी... ही रंगाचे डबे कापून म्या केलेली... साहेब, ही सगळीच आणली की ओ! दाराला कुलूप व्हतं.

दादासाहेब : दाराला व्हतं. वट्याला आन् मागच्या बोळाला कुठं व्हतं? घरमालक आमच्याच भावकीतला. त्यानं सोता हात लावला भरायला. म्हनला, बरं झालं, बोळ मोकळा झाला.

कस्तुरा : नेहा? नेहा कुठाय?

दादासाहेब : क्लासला गेलीया म्हनं. अवो, घाबरता काय? पोरीबाळींना हात लावायला आमी काय गुंड हाय का? सव्वाचारशे डबी निघाली. मानलं तुमास्नी.

कस्तुरा : दोन वरसं लागली साहेब. सहा पिल्लांपासनं सुरू केलं होतं. ती मोठी व्हायची, त्यांना पिल्लं यायची वाट बघायची, मग ती तोडायची, मग त्यांना यायची. काही काही तर आठ-आठ महिने एक पिल्लू देत नाईत. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी बुडाला बोट घालून बघायची, फुगलंय का म्हणून. बुधवारी रावेतच्या सोसायटीत दोनशे द्यायचं कबूल केलंय.

दादासाहेब : ठावं हाय. मोनिकाचीच सोसायटी. तिच्याच तोंडनं ऐकलं.

कस्तुरा : मग तुमीच सांगा, काय करू?

दादासाहेब : काय न्हाई. एक शंका हाय, तेवढी फेडा. एवढी पिल्लं गेटाबाहेर आली कशी?

कस्तुरा : जेवणाच्या पिशवीतनं. शनिवारच्या शनिवारी, एक-दोन.

दादासाहेब : गेटावर झडती असती. माजी गाडी उभी करून उचकत्यात. तुमची पिशवी कुनी बघितली न्हाई?

कस्तुरा : बघितली की. पहिल्याच दिवशी. म्या काय लपवलं नव्हतं.

दादासाहेब : कुनी बघितली?

कस्तुरा : सिक्युरिटीनं.

दादासाहेब : सिक्युरिटीला नाव असतं, ताई.

कस्तुरा : किसनभाऊंनी.

दादासाहेब : हां. आता बोललात.

कस्तुरा : पण त्यांनी रजिस्टरला लिहून घेतलं साहेब! म्हणाले, ताई, टाकाऊ असलं तरी नोंद करतो, उद्या तुम्हाला कुणी चोर म्हणू नये. बागेच्या साहेबाची सही बी घेतली त्यांनी. रजिस्टर काढून बघा, दर शनिवारचं लिहिल्यालं हाय.

दादासाहेब : रजिस्टर भिजलं.

कस्तुरा : भिजलं?

दादासाहेब : मंगळवारी. कुनाच्या तरी हातनं चहा सांडला. कसा सांडला बघा, नेमका पयल्या पानापासनं शेवटच्या पानापतुर. आता नवं आनलंय.

कस्तुरा : बागेच्या साहेबाला इचारा मग.

दादासाहेब : इचारलं. त्यांना आठवत न्हाई. बरं, आता ही कुंडीत खवसलेली आईस्क्रीमची काडी. काय लिवलंय? 'कडक उन्हात ठेवू नये.' अक्षर कसं मोत्यावानी हाय. तुमचं?

कस्तुरा : मला कुठं असलं येतंय? चौथी शिकले म्या.

दादासाहेब : लेकीचं?

कस्तुरा : नाई.

दादासाहेब : गेटावरच्या फळ्यावर रोज बघतो म्या हे अक्षर. 'सर्व वाहनांची तपासणी केली जाईल.' किसनचं हाय.

कस्तुरा : म्याच म्हटलं होतं त्यांना, भाऊ, तुमचं अक्षर चांगलंय, काड्यांवर लिहून द्या. जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून दिलं. तेवढंच, साहेब.

दादासाहेब : मग भागीदारच की त्यो.

कस्तुरा : कसला भागीदार ओ! एक पिल्लू दिलं होतं म्या, ते बी घरी नेलं नाई. केबिनच्या दारात डब्यात लावलं.

दादासाहेब : गेल्या म्हयन्यात गेटावर काय झालं, म्हाईत हाय का तुमास्नी?

कस्तुरा : तुमची गाडी अडवली, एवढं ऐकलं.

दादासाहेब : आनि?

कस्तुरा : पुठ्ठ्याच्या खाली तांब्याची वायर निघाली म्हणं.

दादासाहेब : म्हनं. बाई, आज जिथं कंपनीचं वर्कशॉप हाय ना, तिथं माझ्या चुलत्याचा गोठा व्हता. ह्या गेटातनं माजी गाडी वीस वरसं जाती. वॉचमन उठून उभा ऱ्हायचा. आन् हा पोलादपूरचा मानूस माझ्या ड्रायव्हरला खाली उतरवतो, चार लोकांत गाडी दोन तास उभी करतो. म्या सोता गेलो. म्हटलं, किसनराव, आज सोडा, उद्या तपासा. न्हाई म्हनला. साहेब लोकांम्होरं हात जोडले म्या. ह्या हातांनी.

कस्तुरा : त्यात म्या काय केलं साहेब?

दादासाहेब : तुमी काय न्हाई केलं. आता करनार हाय. हा कागद. वाचता येतंय ना?

कस्तुरा : मराठी येतंय.

दादासाहेब : मग वाचा. सावकाश वाचा.

कस्तुरा : 'मी, कस्तुरा व्यंकट माने, लिहून देते की... गेटवरील सुरक्षारक्षक किसन सखाराम उतेकर याने मला धमकावून... दर शनिवारी कंपनीच्या बागेतील रोपे बाहेर काढायला लावली... ती रोपे माझ्या खोलीवर वाढवून तो बाहेर विकत असे...' साहेब, हे खोटं हाय.

दादासाहेब : खाली सही.

कस्तुरा : म्या नाई करणार. पाया पडते तुमच्या. झाडं सगळी घ्या. चोरी माझ्या नावानं लिहा, म्या सही करते. त्या माणसाला कशाला?

दादासाहेब : गणराज! ए गणराज! प्रेस चालू हाय न्हवं? टेम्पोतली पयली रांग घे. हां, डब्यासकट.

कस्तुरा : काय करायलेत ते? साहेब, काय करायलेत?

दादासाहेब : पत्रा दाबायची प्रेस हाय ती. डबा बी दाबती, आतलं बी दाबती. मातीनं जरा घान हुती, पन धुता येती. ऐका. हां, हा आवाज.

कस्तुरा : थांबवा ओ! ती पहिली रांग... त्यातच माझी मोठी आईझाडं हाईत! थांबवा!

दादासाहेब : चाळीसेक गेली असतील. बसा. खाली बसा. चहावर साय धरली, दुसरा सांगू का?

कस्तुरा : तुमाला काय मिळालं साहेब हे करून? त्या झाडांनी तुमचं काय केलं होतं?

दादासाहेब : मला काय न्हाई मिळालं. म्या उगाच केलं. म्हंजे तुला कळावं, की म्या उगाच बी करतो. आता बस आन् ऐक. ज्याच्यापायी तू रडतीस ना, त्यो आज सकाळी ह्याच खुर्चीत बसला व्हता. सात वाजता, ड्युटीच्या आधी.

कस्तुरा : किसनभाऊ?

दादासाहेब : व्हय. त्यानं तुझं नाव आधीच दिलंय. लिवून. 'बाईनं फसवलं. पिशवीत वर भाकरी आन् खाली माल. म्या साधा मानूस, विश्वास ठिवला.'

कस्तुरा : ते असं म्हणणार नाईत.

दादासाहेब : का? कोन लागतो तुझा?

कस्तुरा : कुणी नाई लागत. मे महिन्यात आमा बायांना बसायला सावली नव्हती, तर आमाला केबिनमधी बसवून, पंखा आमच्याकडं फिरवून सोता बाहेर उन्हात उभे राहायचे. तसला माणूस हाय तो.

दादासाहेब : अगं, तसलाच मानूस पयला बोलतो. त्याच्या बायकोच्या किडन्या गेल्यात, म्हाईत हाय का? आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला नेतो. नोकरीच्या कार्डावर चालतंय सगळं. नोकरी गेली की कार्ड गेलं. त्यो काय तुझ्या डबड्यांपायी बायको मारील?

कस्तुरा : म्हाईत हाय मला. जेवणाच्या सुट्टीत काड्या लिहीत बसल्यावर तेच सांगायचे, मंगळवार-शुक्रवार सुट्टी का लागती ते.

दादासाहेब : मग? सोताला वाचवनार का तुला? तूच सांग.

कस्तुरा : मला दाखवा. त्यांनी काय लिहिलंय ते दाखवा.

दादासाहेब : दाखवीन. सही झाल्यावर. म्या शब्दाचा मानूस हाय. आता दुसरं ऐक. तू सही न्हाई केलीस, तर किसनचा कागद हाय आन् माझ्या टेम्पोत माल हाय. पोलीस हितनं उठून थेट तुझ्या खोलीवर जातील. दारात कोन उभं असंल? नेहा. गल्ली बघंल. घरमालकाला तर खोली मोकळीच करायचीय. बारावीचं वरीस, पोरगी कुठं बसून अभ्यास करंल?

कस्तुरा : असं नका करू साहेब.

दादासाहेब : म्या कुठं करतोय? तू करतीस. आता तिसरं. हे चांगलं हाय. रावेतला मोठ्या रस्त्याला लागून माझे तीन गुंठे पडून हाईत. नुसतं गवत माजलंय. हिरवी जाळी मारून देतो. वर बोर्ड, तुझ्या नावाचा. सकाळी फिरायला निघालेली सगळी सोसायटी तुझ्या दारावरनं जाईल. ह्या बोळात, गटारीच्या कडंला कुठवर करशील? हात हाय तुझ्याकडं. असा हात मातीत जाऊ नये.

कस्तुरा : मला कशाला देता तुमी जागा?

दादासाहेब : म्हंजे म्होरं कुनी तुला इचारलं, तर तू तेच सांगशील जे ह्या कागदात हाय. एका वरसानं बी. दोन वरसांनी बी.

कस्तुरा : जागेचा काही कागद?

दादासाहेब : आता कशी बोललीस! न्हाई, कागद न्हाई. माझा शब्द. गणराज! दुसरी रांग...

कस्तुरा : थांबा! थांबा म्हटलं ना. करते.

दादासाहेब : गणराज, ऱ्हाऊ दे. हा पेन.

कस्तुरा : एक शब्द काढा ह्यातला.

दादासाहेब : कुठला?

कस्तुरा : 'धमकावून.' तेवढं काढा. तो माणूस कधी मोठ्या आवाजात बोलला नाई माझ्याशी. एवढं खोटं माझ्या हातनं नाई व्हायचं.

दादासाहेब : दे हिकडं. हे खोडलं. त्याच्याखाली तुझी बारकी सही कर, खोडल्याची. हां. बरं केलंस. वकिलानं लिवलं व्हतं, तवाच म्या म्हटलं, ह्या शब्दानं कागद खोटा वाटतो. आता कसा खराच्या खरा वाटतोय बघ. आता मोठी सही, खाली.

कस्तुरा : झाली.

दादासाहेब : तारीख?

कस्तुरा : घाला तुमीच.

दादासाहेब : न्हाई. तुझ्या अक्षरात पायजे. ... हां. बास.

किसन : साहेब, आत येऊ का?

दादासाहेब : या, या किसनराव! वेळेचे पक्के तुमी. चार म्हटलं की चार.

किसन : सकाळी म्हणालात, ड्युटी सुटल्यावर परत या. आलो. ताई, तुम्हालाही बोलावलंय का?

कस्तुरा : हो.

किसन : बाहेर झाडं बघितली तुमची. एक रांग दाबलीय त्यांनी. मी प्रेसवाल्याला सांगून आलोय, जरा थांब, साहेबांशी बोलतो. तुम्ही रडू नका. मी सकाळीच सगळं लिहून दिलंय.

कस्तुरा : काय लिहून दिलंय?

किसन : जे होतं ते. रोपं टाकाऊ होती, मी स्वतः पिशवी तपासून, रजिस्टरला नोंद करून सोडली. बाईंचा दोष नाही. नियमात काही चुकलं असेल तर जबाबदारी माझी. खाली सही आहे, हुद्दा आहे, तारीख आहे.

कस्तुरा : असं लिहिलं तुमी?

किसन : दुसरं काय लिहिणार, ताई?

दादासाहेब : व्हय, व्हय. हाच त्यो कागद. घे बाई, वाच. सही झाल्यावर दाखवीन म्हटलं व्हतं, दाखवला. शब्द म्हंजे शब्द.

किसन : कसली सही?

दादासाहेब : तुमीच वाचा की. मोठ्यानं वाचा, किसनराव. अक्षरावानी वाचन बी चांगलं असंल तुमचं.

किसन : 'मी, कस्तुरा व्यंकट माने, लिहून देते की गेटवरील सुरक्षारक्षक किसन सखाराम उतेकर याने मला...' इथे एक शब्द खोडलाय.

दादासाहेब : त्यो तिनंच खोडायला लावला. 'धमकावून' व्हतं. म्हनली, एवढं नको. म्होरं वाचा.

किसन : '...दर शनिवारी कंपनीच्या बागेतील रोपे बाहेर काढायला लावली. ती रोपे माझ्या खोलीवर वाढवून तो बाहेर विकत असे.' ... ताई, तुम्हाला घाईत सही करायला लावली असेल.

कस्तुरा : भाऊ...

किसन : वाचलं नसेल तुम्ही. बाहेर प्रेस चालू, तुम्ही रडताय, त्यात कोण वाचतं? न वाचता घेतलेली सही टिकत नाही, मी बघितलंय. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की वाचलं नव्हतं. पुढचं मी बघतो.

दादासाहेब : सांग बाई. खरं असंल ते सांग. म्या मधी बोलत न्हाई. गाडीत अजून पावनेचारशे हाईत, तेवढं ध्यानात ठिव. पोरगी बी क्लासहून आली असंल एव्हाना.

किसन : ताई? वाचलं नव्हतं ना?

कस्तुरा : वाचलं व्हतं.

किसन : सगळं?

कस्तुरा : सगळं. वाचूनच केली सही.

किसन : बरं.

दादासाहेब : झालं. किसनराव, कागद आत्ताच कंपनीत जाईल. सोमवारी तुमी गेटावर नसाल. शिट्टी, बेल्ट, बॅटरी...

किसन : जमा करायची पद्धत मला माहीत आहे, साहेब. एक विनंती होती.

दादासाहेब : बोला की.

किसन : मंगळवारी बायकोचं डायलिसिस आहे. कागद बुधवारी दिलात तर तेवढी एक पाळी कार्डावर होऊन जाईल. मी कुठे पळून जात नाही. पुढची सोय तोवर बघेन. बुधवारी द्या, मी स्वतः येऊन त्यावर सही करेन हवं तर.

दादासाहेब : म्या बी म्हटलं व्हतं, किसनराव. आज सोडा, उद्या तपासा.

किसन : हो. म्हणाला होतात तुम्ही.

दादासाहेब : काय म्हनला व्हता तुमी तवा?

किसन : नियम आजचा आजच पाळावा लागतो, म्हटलं होतं.

दादासाहेब : मग? म्या तुमच्याकडनंच शिकलो. या आता.

किसन : येतो. ताई, येतो. नेहाला सांगा, तिच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मी बागेच्या साहेबांकडून तुमच्या पगाराचा दाखला आणला होता, तो केबिनच्या ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी दुसरा कुणी असेल तिथे, त्याच्याकडून मागून घ्या.

दादासाहेब : गेला. मानूस सरळ हाय, न्हाई म्हनत न्हाई म्या. असा मानूस गेटावर परवडत न्हाई, एवढंच. तू डोळं पूस. पूस म्हनतो ना.

कस्तुरा : पुसले.

दादासाहेब : गणराज! टेम्पो खाली करू नको. तसाच रावेतला घे, आपल्या मोकळ्या जागेत. सावलीला लाव. एक डबं बी सांडलं तर बघ. ऐकलंस ना, बाई? म्या बोललो तसं करतो. उद्या जा आन् जागा बघून ये. आन् आमच्या घायपाताचं ध्यानात ठिव, पयलं ते.

कस्तुरा : साहेब.

दादासाहेब : आता काय?

कस्तुरा : तिथं बोअर हाय का?